गिफ्ट बास्केटचा धंदा : टोपली भरते, मग गल्ला का भरत नाही?

गेल्या काही वर्षांत आपल्या बाजारपेठांत एक नवा धंदा चांगलाच रुजला आहे. वेताची किंवा बांबूची टोपली घ्यायची, तीत सुकामेवा, खजूर, चॉकलेट, एखादी मिठाई नीट मांडायची, वरून जिलेटीन पेपर गुंडाळून रिबीन बांधायची आणि ‘गिफ्ट बास्केट’ किंवा ‘हॅम्पर’ म्हणून विकायची. मंगनीचे ताट सजवणे, ईदला मिठाईचे डबे पाठवणे हे आपल्याकडे नवे नाही. नवे आहे ते एवढेच, की हे काम आता घरातून दुकानात आले आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचले. दिवाळीला कंपन्यांच्या ऑर्डरी असतात, रमजानमध्ये इफ्तारच्या आणि ईदच्या टोपल्या जातात, लग्नसराईत पाहुण्यांना देण्याच्या भेटी लागतात.

या धंद्यात शिरणे सोपे आहे. यंत्र लागत नाही, मोठी जागा लागत नाही, घरातील स्त्रियांच्या हाताला कसब असते आणि माल हाताशी मिळतो. मुंबईत मशीद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात सुकामेवा, अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद, रिबीन व सजावटीचे सामान, वाशीच्या मसाला मार्केटात घाऊक भाव, तर पुण्यात बोहरी आळीत डबे, बरण्या, पिशव्या. म्हणून दर हंगामात अनेक तरुण आणि अनेक घरे या कामात उतरतात. मात्र हंगाम संपल्यावर हिशेबाला बसले, की पुष्कळांच्या तोंडी एकच वाक्य येते : “काम भरपूर झाले, पैसा कुठे गेला कळत नाही.”

पैसा कुठे जातो हे कळण्यासारखे आहे. तो चोरीला जात नाही की बाजार मंद असल्यामुळे बुडत नाही. तो आपण ज्या खर्चांना खर्च समजतच नाही, त्यांतून हळूहळू झिरपतो. प्रस्तुत लेखात त्या झिरपण्याच्या जागा एकेक करून पाहू.

एका टोपलीचा हिशेब

समजा, एका कंपनीने शंभर टोपल्यांची ऑर्डर दिली आणि भाव ठरला टोपलीमागे १५०० रुपये, कर वेगळा. खाली दिलेले दर नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील आजचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा मांडावा.

बदाम २०० ग्रॅम १७० रुपये, काजू २०० ग्रॅम १८० रुपये, मनुका २०० ग्रॅम ८० रुपये, खजूर पाव किलो १०० रुपये. सुकामेव्याचे झाले ५३० रुपये. चॉकलेट किंवा मिठाईचा डबा १५० रुपये. टोपली १६० रुपये. चार छोट्या बरण्या १०० रुपये. कागदाचा कीस, जिलेटीन पेपर, रिबीन, जाळी आणि शुभेच्छापत्र मिळून ६० रुपये. एकूण बरोबर १००० रुपये.

हजाराची टोपली पंधराशेला गेली, म्हणजे पाचशे रुपये सुटले. शंभर टोपल्यांचे पन्नास हजार! बहुतेक नवखे लोक इथेच पेन खाली ठेवतात. खरा हिशेब इथून पुढे सुरू होतो.

टोपली आपोआप भरत नाही. सुकामेवा निवडणे, तोलणे, बरण्या भरणे, मांडणी करणे, रिबीन बांधणे या कामात एक माणूस दिवसाला बारा टोपल्या करतो असे धरा. त्याला सहाशे रुपये रोज दिला, तर टोपलीमागे ५० रुपये मजुरी पडते. घरची माणसे काम करतात म्हणून हा खर्च शून्य धरू नये. ती माणसे दुसरीकडे गेली असती तर त्यांनी रोज कमावलाच असता. टेम्पोचे भाडे आणि हमाली टोपलीमागे ६० रुपये. बरणी फुटते, काजूचे तुकडे होतात, तोलताना घट येते. त्याचे ३० रुपये. ऑर्डर मिळवण्यासाठी पाच टोपल्या नमुना म्हणून दिल्या, त्यांचे पाच हजार रुपये शंभर टोपल्यांवर वाटले की ५० रुपये. जागेचे भाडे, वीज, फोन यांचा वाटा ४० रुपये. शेवटच्या क्षणी खरेदी विभागाने ‘पाच टक्के कमी करा’ म्हटले आणि आपण मान हलवली, त्याचे ७५ रुपये. आणि ऐनवेळी माल कमी पडू नये म्हणून शंभराऐवजी एकशेवीस टोपल्यांचे सामान घेतले. उरलेल्या वीस टोपल्यांचे वीस हजारांचे सामान पडत्या भावात काढताना चाळीस टक्के, म्हणजे आठ हजार गेले. टोपलीमागे ८० रुपये.

बेरीज करा : ३८५ रुपये. पाचशेतून वजा जाता हातात राहिले ११५ रुपये. शंभर टोपल्यांचे साडेअकरा हजार. यासाठी मालकाने महिनाभर धावपळ केली आणि लाख-सव्वालाख रुपये अडकवून ठेवले. पन्नास हजारांचे साडेअकरा हजार कसे झाले, हे आता दिसते. यांतील एकही खर्च अचानक आलेला नाही. सगळे आधीपासून ठरलेले होते, फक्त भाव सांगताना ते वहीत नव्हते.

‘पन्नास टक्के’ हा भ्रम

हजारावर पाचशे चढवले, म्हणून ‘पन्नास टक्के नफा’ असे आपण म्हणतो. पण सूट मागणारा गिऱ्हाईक विक्रीच्या भावावर मागतो. पंधराशेवर पाचशे म्हणजे तेहतीस टक्के आणि थोडे जास्त. त्याने दहा टक्के मागितले की दीडशे रुपये गेले. हे दीडशे त्याच्या दृष्टीने दहा टक्के असले, तरी आपल्या पाचशेच्या हिशेबात तीस टक्के होतात. वरच्या नमुन्यात तर दहा टक्के सूट दिली असती, तर हातात फक्त चाळीस रुपये उरले असते.

म्हणून भाव सांगण्याआधी दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत. पहिला, सर्व खर्च धरून पडणारी खरी किंमत. दुसरा, ज्याच्या खाली उतरायचे नाही असा भाव. गिऱ्हाईक सूटच मागत असेल तर भाव कमी करण्याऐवजी टोपली बदलावी : बरणीऐवजी पाकीट, काजूऐवजी जास्त मनुका, मोठ्या टोपलीऐवजी मधली. भाव तोच ठेवून आपल्या नफ्यातून कापून देण्यापेक्षा हे दोघांच्याही हिताचे ठरते.

सुकामेव्याचा भाव हलता असतो हेही विसरू नये. बदाम बहुतांशी अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून येतो, खजूर इराण आणि अरब देशांतून, अंजीर आणि जर्दाळू अफगाणिस्तानातून. काजू आपल्या कोकणात होतो, पण कारखान्यांत लागणारा कच्चा काजू मोठ्या प्रमाणात आफ्रिकेतून येतो. डॉलर वधारला किंवा जहाज अडकले की भाव बदलतो. म्हणून लेखी भावपत्रकावर ‘हा भाव सात दिवसांपुरता’ अशी ओळ असलीच पाहिजे. ऑगस्टमध्ये दिलेल्या भावाने ऑक्टोबरमध्ये माल पुरवणारा माणूस धंदा करत नसतो, तो पैज लावत असतो.

उरलेला माल हाच खरा शत्रू

सर्व खर्चांत सर्वांत जड होता तो उरलेल्या मालाचा, टोपलीमागे ८० रुपये. हंगामी धंद्यात सणाच्या दुसऱ्या दिवशी माल अर्ध्या किमतीचा होतो. तरी सगळा माल सारखा नसतो, आणि खरेदी करताना हा फरक लक्षात ठेवावा.

टोपली, बरणी, कीस यांना मुदत नसते. कोरड्या जागी ठेवले तर पुढच्या हंगामात चालतात. खजूर आणि मनुका काही महिने टिकतात. काजू ओल धरतो, अक्रोडाला खवट वास लागतो. चॉकलेट मार्चच्या उन्हात वितळून पांढरे पडते. दुधाच्या मिठाईला तर दिवस मोजूनच विकावे लागते. आणि ज्याच्यावर सणाचे किंवा कंपनीचे नाव छापले, ते सामान सणानंतर रद्दीच्या भावाचे. म्हणून छपाई खोक्यावर किंवा टोपलीवर न करता फक्त लहानशा कार्डावर करावी. कार्डे उरली तर नुकसान शे-दोनशेचे होते; छापील खोकी उरली तर हजारोंचे.

टिकाऊ सामान हंगामाआधी, सवडीने आणि स्वस्तात घ्यावे. नाशिवंत सामान ऑर्डर पक्की झाल्यावरच उचलावे. मशीद बंदर किंवा वाशीच्या व्यापाऱ्याशी आधी बोलून ‘शंभराचा माल आज, दहाचा लागला तर परवा’ अशी सोय करता येते. किलोमागे थोडे जास्त द्यावे लागले तरी ते उरलेल्या मालाच्या नुकसानीपेक्षा कमीच पडते.

आता आपला नमुना पुन्हा घ्या. एकशेवीसऐवजी एकशेपाच टोपल्यांचे सामान घेतले, तर उरलेल्या मालाचा तोटा आठ हजारांवरून दोन हजारांवर येतो. टोपलीमागे ६० रुपये वाचले. पाचऐवजी दोनच नमुने दिले आणि बाकीच्यांना फोटो दाखवले, तर आणखी ३० रुपये वाचले. टेम्पोचे भाडे बिलात वेगळे दाखवले तर ६० रुपये वाचले. टोपलीचा भाव एक रुपयाही न वाढवता ११५चे २६५ रुपये झाले. नफा दुपटीहून जास्त झाला, आणि तो केवळ वहीमुळे झाला.

उधारी : कंपनीचे सावकार होऊ नका

घाऊक बाजार आपल्याला रोख मागतो किंवा फार तर काही दिवसांची मुदत देतो. कंपनी मात्र पैसे देते पंचेचाळीस किंवा साठ दिवसांनी, आणि कधी कधी ‘बिल अकाउंट्समध्ये आहे’ या उत्तरावर तीन महिने निघतात. दिवाळीचे पैसे जानेवारीत आले, तर रमजानचा माल घ्यायचा कशाने? अनेक चांगले धंदे तोट्याने नव्हे तर या खोळंब्याने बंद पडतात. वहीत नफा आहे, खिशात रोकड नाही.

यावर जुना आणि साधा उपाय आहे : विसार. ऑर्डरीसोबत निम्मी रक्कम, माल पोहोचताना बाकीची. पुष्कळांना आगाऊ पैसे मागायला संकोच वाटतो. वास्तविक आपल्या तिजारतीच्या परंपरेत यासाठी स्वतंत्र करार आहेत. ‘सलम’ व्यवहारात माल, वजन आणि तारीख नक्की करून पूर्ण रक्कम आधी देतात; ‘इस्तिस्ना’मध्ये सांगून वस्तू बनवून घेताना रक्कम टप्प्याटप्प्याने देता येते. फर्माईशीवर बनणारी टोपली दुसऱ्या प्रकाराच्या जवळची आहे. आगाऊ रक्कम घेणे म्हणजे गिऱ्हाइकावर अविश्वास नव्हे. तो सौद्याचाच एक भाग आहे. आणि ठरले ते लिहून घ्यावे. मुदतीच्या देण्याघेण्याची नोंद करण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे, हे आपण जाणतोच.

कायद्याचे संरक्षणही माहीत असावे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली, की या मुदतीबाहेर थकवलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. व्याज आपण घेऊ अगर न घेऊ, मुदतीचा हा नियम बिलावर छापलेला असला की कंपनीचा हिशेबनीस आपले बिल वरती ठेवतो.

यात एक मेख आहे. जुलै २०२१ पासून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना ‘उद्यम’ नोंदणी खुली झाली, परंतु ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. पैसे वेळेवर मिळण्याचे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. आपण तयार डबे नुसते एकत्र बांधतो की स्वतः मिठाई, चॉकलेट किंवा टोपली बनवतो, यावर आपली गणना ठरू शकते. नोंदणी करताना कर सल्लागाराला हा प्रश्न जरूर विचारावा.

एका कुपीने फिरणारा कर

जीएसटीच्या कायद्यात ‘मिश्र पुरवठा’ नावाची गोष्ट आहे. वेगवेगळ्या वस्तू एकत्र करून एकाच किमतीला विकल्या, तर त्यांतील ज्या वस्तूवर सर्वांत जास्त कर आहे तो दर संपूर्ण पुडक्याला लागतो. गिफ्ट बास्केट हे याचे नमुनेदार उदाहरण होय.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले आणि या धंद्याला मोठा दिलासा मिळाला. बदाम, पिस्ता, खजूर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, चॉकलेट १८वरून ५वर आले. मिठाई, मनुका, काजू आणि वेत-बांबूची टोपलीही ५ टक्क्यांतच. म्हणजे नुसत्या सुकामेवा-चॉकलेटच्या टोपलीला ५ टक्के. मात्र अत्तर-परफ्यूमची कुपी १८ टक्क्यांत आहे, आणि सोडा घातलेली थंड पेये तर ४० टक्क्यांत. टोपलीत शोभेसाठी एक कुपी ठेवली की सगळी टोपली १८ टक्क्यांत जाते. थंड पेयाची एक बाटली ठेवली की ४० टक्क्यांत!

आपल्या नमुन्यात सूट वजा जाता बिल १४२५ रुपयांचे होते. आपण ५ टक्क्यांनी कर घेतला आणि पुढे तपासणीत १८ टक्के निघाला, तर फरक टोपलीमागे सुमारे १८५ रुपयांचा. नफा होता ११५. म्हणजे टोपलीमागे ७० रुपये घरातून घालावे लागतील, शिवाय व्याज आणि दंड वेगळा. एका छोट्या कुपीने शंभर टोपल्यांचा नफा गिळला. असे सामान द्यायचेच असेल तर ते टोपलीच्या एका किमतीत न गुंतवता वेगळी वस्तू म्हणून, वेगळ्या किमतीने बिलात दाखवावे, आणि बिल करण्याआधी सल्लागाराकडून तपासून घ्यावे.

महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्यास वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. परंतु सुरतला किंवा हैदराबादला एकच टोपली विकली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्यांना कंपोझिशन योजनेत एक टक्का भरून मोकळे होता येते, मात्र मग गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात विक्री करता येत नाही. लहान दुकानदार म्हणतात, ‘आमच्याकडे कराचे बिल नाही म्हणून कंपन्या घेणार नाहीत.’ हे पूर्ण खरे नाही. भेट म्हणून वाटलेल्या मालावर कंपनीलाही कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे तिच्यासाठी शेवटची एकूण रक्कमच महत्त्वाची ठरते. हा मुद्दा भाव ठरवताना हातात ठेवावा.

परवाना, छपाई आणि प्लास्टिक

सुकामेवा गोणीतून काढून आपल्या बरणीत भरला की आपण कायद्याने खाद्यपदार्थाचे व्यावसायिक झालो. अन्नसुरक्षेची, म्हणजे ‘एफएसएसएआय’ची, नोंदणी किंवा उलाढालीनुसार परवाना घ्यावा लागतो, घरातून काम केले तरी सुटका नाही. वेगवेगळ्या वस्तूंचे एकत्र पुडके किरकोळ विक्रीस ठेवले, तर वजने-मापे विभागाच्या २०११च्या नियमांनुसार त्यावर बांधणाऱ्याचे नाव-पत्ता, आतील वस्तू आणि त्यांचे वजन, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन असावा लागतो. हे सगळे एका छोट्या चिठ्ठीवर मावते. चिठ्ठीचा खर्च दोन रुपये, चिठ्ठी नसण्याचा दंड हजारोंत.

१ जुलै २०२२ पासून देशभर काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायची फिल्मही आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून स्वतंत्र प्लास्टिकबंदी आहेच. म्हणून जिलेटीन पेपरचे मोठे रीळ भरून ठेवण्याआधी पालिकेत चौकशी करावी. कापडी जाळी किंवा साधा पातळ रुमाल वापरला तर टोपली जास्त शोभते आणि पथकाची धास्तीही राहत नाही.

कुरिअरचे वजन हवेचे असते

बाहेरगावी टोपली पाठवताना कुरिअरवाला फक्त काट्यावरचे वजन पाहत नाही; आकाराचेही वजन काढतो. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे पाच हजारांनी भागतात आणि जे वजन जास्त निघेल त्याचे पैसे घेतात. ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरच्या खोक्याचे वजन होते ७.२ किलो, जरी आत अडीच किलोच माल असला तरी. म्हणजे पावणेपाच किलो हवेचे भाडे आपण भरतो! उंच दांडीची टोपली दुकानात देखणी दिसते, पण टपालात ती महाग पडते. बाहेरगावच्या ऑर्डरीसाठी दांडी नसलेली, उथळ, चौकोनी टोपली किंवा लाकडी ट्रे वापरावा, आणि भाव सांगण्याआधी खोका मोजून घ्यावा.

भांडवल आणि हंगाम

हंगामाचे लाख-सव्वालाख आणायचे कुठून? व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांसाठी हा धंदा सोयीचा आहे, कारण पैसा तीन-चार महिन्यांतच फिरून येतो. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत अशी ‘मुदारबत’ एका हंगामापुरती करता येते. नफा ठरल्या प्रमाणात वाटायचा, आणि मेहनत करणाऱ्याची हयगय नसताना तोटा झाला तर रक्कम भांडवलवाल्याची जाते, दुसऱ्याची मेहनत जाते. दोघांचेही पैसे असतील तर ‘मुशारकत’. मात्र एक अट पाळावी : खर्च कोणते धरायचे याची यादी आधी लिहावी. वरचे ३८५ रुपये वहीत नसतील, तर एक भागीदार पाचशेचा नफा मागेल आणि दुसरा एकशेपंधराचा, आणि सख्ख्या भावांतही बेबनाव होईल.

हंगामाचे गणित सध्या आपल्या बाजूचे आहे. चांद्रवर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. २०२७चा रमजान फेब्रुवारीत, २०२८चा जानेवारीअखेरीस येईल, आणि २०३० सालात तर तो दोनदा येईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस. म्हणजे दिवाळी, लग्नसराई, नवे वर्ष आणि रमजान हे सगळे काही महिन्यांच्या आत येतात. दिवाळीत उरलेल्या टोपल्या, बरण्या, मनुका रमजानमध्ये खपू शकतात. मात्र ईदनंतर राखी पौर्णिमेपर्यंत लांब कोरडा काळ असतो. तेव्हाचे भाडे आणि घरखर्च हंगामाच्या नफ्यातूनच बाजूला काढावा लागतो. ईदच्या आठवड्यात गल्ला भरलेला पाहून तो वर्षभराचा आहे हे विसरू नये.

जकातीसाठी वर्षाला विक्रीचा माल आणि येणे असलेली रक्कम मोजावीच लागते. तीच यादी जरा सविस्तर केली, कोणता माल किती आणि किती दिवसांचा असे लिहिले, तर पुढील खरेदीचा आराखडा आपोआप तयार होतो.

कारागिरांसाठी दोन शब्द

पंधराशेच्या टोपलीत विणणाऱ्याचा वाटा १६० रुपये. तो वाढवायचा असेल तर कारागिराने हंगामात हात पसरून उभे राहण्यापेक्षा हंगामाआधी दुकानदाराशी करार करावा : तीन ठरावीक मापे, नक्की नग, निम्मा विसार. तीनच मापे असली की विणकाम झपाट्याने होते, आणि दुकानदारालाही खोकी व कागद एकाच मापात घेता येतात. पावसाळ्यात बांबू-वेताला बुरशी आणि भुंगा लागतो, म्हणून माल नीट सुकवून, जमिनीपासून वर, हवेशीर ठेवावा. बुरशीचा एक काळा डाग दिसला तरी खाद्यपदार्थाची टोपली परत येते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत टोपल्या, चटया, झाडू बनवणारे कारागीर समाविष्ट आहेत. योजनेतील कर्ज पाच टक्के व्याजाचे आहे. ते घ्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण त्याशिवाय प्रशिक्षण, त्या काळातील दैनिक भत्ता आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची मदत अशाही तरतुदी आहेत. नुसत्या कर्जाच्या नावाने बिचकून या सोयी सोडू नयेत.

व्यापारी बांधवांनो, या धंद्यात कसब हवेच, आणि ते आपल्या घराघरांत आहे. कमतरता आहे ती हिशेबाची. ऑर्डर हाती आली की टोपलीला हात लावण्यापूर्वी एक पान घ्या आणि त्यावर सात ओळी लिहा : मजुरी, वाहतूक, तूटफूट, नमुने, जागा, सूट आणि उरणारा माल. त्यानंतर आठवी ओळ कराची आणि नववी पैसे येण्याच्या तारखेची. या नऊ ओळी भरल्यावरही शेवटी काही उरत असेल, तरच ऑर्डरीला हो म्हणा. उरत नसेल तर गोड शब्दांत नकार द्या. नाकारलेल्या ऑर्डरीने कोणाचे दुकान बंद पडलेले नाही.